टपालपिशवीतला चाळिसावा माणूस

मी एक जुनी चामड्याची पिशवी आहे, मित्रांनो. कुणी मला बॅग म्हणतं, कुणी झोळी म्हणतं. पण मी टपालाची पिशवी आहे आणि तसं म्हटलेलंच मला आवडतं. जॉर्जिया देशात, इमेरेतीच्या टेकड्यांमध्ये वेनाखा नावाचं गाव आहे. त्या गावातलं एकूण एक पत्र छत्तीस वर्षं माझ्या पोटातून गेलं. इतक्या वर्षांत मी एकही पत्र हरवलं नाही. एकदा एक तार भिजली, हे खरं आहे; पण त्या दिवशी माझं झाकण उघडं कुणी ठेवलं होतं, ते मी सांगणार नाही. ती बाई अजून जिवंत आहे आणि माझी मैत्रीण आहे.

माझा जन्म कुतायसी शहरातला. बिचिको नावाच्या कारागिराने मला शिवलं. तो दुहेरी दोऱ्याने टाके घालायचा आणि प्रत्येक टाक्याला टपालखात्याला एक शिवी द्यायचा, कारण खात्याचा माणूस रोज येऊन 'झाली का, झाली का' म्हणून त्याचं डोकं खायचा. शेवटी मला त्या माणसाच्या हातात आपटून बिचिको म्हणाला, "घेऊन जा. ही फाटायच्या आधी तू फाटशील." बिचिकोची ही एवढीच शाबासकी, पण मी ती जन्मभर मिरवली.

मला वेनाखाच्या टपालघरात पाठवलं आणि त्याच आठवड्यात दारिको नावाची वीस वर्षांची काटकुळी मुलगी तिथे नोकरीला लागली. आम्ही दोघी एकाच वेळी नव्या होतो, एकाच वेळी घाबरलेल्या होतो. माझा पट्टा तिला इतका लांब पडायचा, की मी तिच्या गुडघ्यांवर आपटायचे. पुढे ती रुंद झाली, मी मऊ झाले आणि आमचं छान जमलं.

वेनाखात टपाल वाटणं सोपं आहे असं कुणी समजू नये. गावात साठ घरं. साठ पत्रं वाटायला खरं तर दोन तास लागावेत, पण आम्हाला संध्याकाळ व्हायची. दारातून पत्र घेऊन पोस्टमनला परत पाठवणं ही आमच्याकडे बेअब्रूची गोष्ट. आधी बसायचं, मग मक्याची भाकरी आणि चीज खायचं, मग पत्र द्यायचं, ते दारिकोनेच वाचून दाखवायचं, रडायचं असेल तर सोबत रडायचं आणि मग निघायचं. निघताना माझ्यात काहीतरी कोंबलं जायचंच. अक्रोडाच्या माळा, सुकी फळं, ओलं चीज. ओल्या चीजबद्दल मी अजूनही कुणाला माफ केलेलं नाही.

अशी आमची पंचवीस वर्षं मजेत गेली. दारिकोला जिल्ह्याकडून उत्तम सेवेचं प्रशस्तिपत्रक मिळालं. तिला मिळालं, मला नाही. पण ते आणलं मात्र माझ्याच पोटातून.

मग देशात लढाई झाली. ती कुणी सुरू केली, कुणाचं चुकलं, हे पिशवीला कळत नाही. मला एवढंच कळलं, की समुद्राकडच्या गावांना जाणारी पत्रं परत यायला लागली. पत्ता तोच, नाव तेच, पण घेणारं कुणी नाही. पाठोपाठ माणसंच आली. काही जण बर्फातून डोंगर ओलांडून आले, काही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. आपल्याच देशात, आपलीच भाषा बोलणाऱ्या लोकांत, पण घर मागे टाकून. अशा माणसांना सरकारी कागदावर 'विस्थापित' म्हणतात. वेनाखात तो शब्द कुणी उच्चारला नाही. अकरा घरांनी दारं उघडली आणि माणसं आत घेतली. बस, झालं.

त्यांच्यात दोमेंती नावाचे एक गृहस्थ होते. साठीचे, सडपातळ, एकटेच. बायको आधीच वारलेली, लेक लग्न होऊन फार लांब. ओचामचिरेजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावात त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. हातात हत्यारांची एक छोटी पेटी होती, दुसरं काही नाही. गावातला एर्मिले नावाचा द्राक्षबागवाला पुढे झाला, त्याने ती पेटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "चला, ओलिकोने भाकरी टाकलीय. गार होईल." ओलिको म्हणजे एर्मिलेची बायको. तेवढं एक वाक्य बोलून तो त्यांना घरी घेऊन गेला आणि ते तिथेच राहिले.

दोमेंतींनी पहिल्याच वर्षी सगळ्या गावाची घड्याळं दुरुस्त केली. तोपर्यंत वेनाखात ज्याची त्याची वेळ वेगळी होती आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता सगळ्यांना उशीर व्हायला लागला. लोक त्यांच्यावर प्रेमाने चिडायचे.

याच सुमारास जिल्ह्यातून छापील कागद आले. कुठल्या गावात किती विस्थापित आहेत ते मोजायचं होतं, म्हणजे मदत कुठे किती पाठवायची ते ठरेल. गावाची मोजणी दारिकोकडे आली, कारण प्रत्येक घर तिला ठाऊक. कागद अर्थातच माझ्याकडे. पहिलाच प्रश्न होता : या घरात विस्थापित किती?

आम्ही एर्मिलेच्या फाटकाशी गेलो.

"एर्मिलेदादा, तुमच्या घरात विस्थापित किती?"

"काय किती?"

"विस्थापित. लढाईतून पळून आलेले."

एर्मिलेने दचकून वर पाहिलं. माडीवरच्या सज्जात दोमेंती घड्याळ उघडून बसले होते. "हळू बोल की बाई! ऐकू जाईल ना त्यांना. माझ्या घरी तसलं कुणी नाही. पाहुणे आहेत एक."

"मग पाहुणे लिहू?"

"पाहुणा कागदावर लिहितात होय? उद्या म्हणशील, त्यांनी किती घास खाल्ले तेही लिहायचंय!"

दारिकोने लिहिलं : शून्य. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. एका आजीने तर आम्हाला काठी दाखवली. आणि दारिको तरी काय वेगळी होती? तिच्या स्वतःच्या घरी समुद्राकाठच्या सुखुमी शहराहून आलेली आत्तेबहीण दोन मुलांसह राहत होती. दारिकोने स्वतःला प्रश्न विचारला, स्वतःच उत्तर दिलं, "छे, ती तर माझी बहीण," आणि स्वच्छ अक्षरात शून्य लिहिलं. मी ते अकरा कागद जिल्ह्याला नेले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपलं गाव किती दिलदार, असंच वाटलं.

मित्रांनो, प्रेमाने केलेली चूकसुद्धा चूकच असते, हे कळायला आम्हाला पुढची काही वर्षं लागली.

त्या शून्यामुळे पहिल्यांदा सरपणाच्या शेगड्या आल्या नाहीत. पाहुण्यांना गारठा बाधू नये म्हणून यजमान स्वतः स्वयंपाकघरात झोपले. मग शाळेसाठी जास्तीचे बाक आले नाहीत. मुलं तिघं-तिघं बसली. कुणाची तक्रार नव्हती. पण दोमेंतींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, तेव्हा गोष्ट वेगळी झाली. आधी ते घड्याळ नाकाशी धरायचे. मग त्यांनी हत्यारांची पेटी बंदच केली. सातव्या वर्षी तर दारिकोला ते माझ्या वासावरून ओळखायला लागले. "आली का टपालपिशवी?" असं ते हसून म्हणायचे. मला अभिमान वाटायचा आणि लगेच रडूही यायचं.

शहरात शस्त्रक्रिया करणं परवडण्यासारखं नव्हतं. एर्मिले गाय विकायला निघाला, तर दोमेंती म्हणाले, "गाय विकलीस तर त्याच दिवशी मी चालता होईन." ते खरंच गेले असते. म्हणून गाय राहिली.

अशात एका शरद ऋतूत माझ्या पोटात एक छापील पत्रक आलं. दारिको सगळी पत्रकं वाटण्याआधी वाचते. ती त्याला वाईट सवय मानत नाही. राजधानीतले नेत्रवैद्य गाडी घेऊन गावोगावी जाणार होते, विस्थापितांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करणार होते, एक पैसा न घेता. ज्या गावात किमान चाळीस विस्थापित, त्या गावात गाडी येणार. दारिकोने पत्रक दोनदा वाचलं, मला खांद्याला अडकवलं आणि टपाल तसंच ठेवून जिल्ह्याची बस पकडली. छत्तीस वर्षांत टपाल न वाटल्याचा तो एकच दिवस.

जिल्ह्याच्या कचेरीत नुग्झार नावाचा कारकून होता. माणूस चांगला, पण कागदावर नसलेली गोष्ट त्याला दिसत नसे. त्याने नोंदवही आमच्याकडे फिरवली.

"वेनाखा. शून्य. तुमच्याच अक्षरात आहे, दारिकोताई."

"अहो, चाळीसच्या वर माणसं आहेत आमच्याकडे!"

"मग लिहिली का नाहीत?"

"ते पाहुणे आहेत हो."

"पाहुण्यांसाठी डॉक्टर पाठवायचा नियम माझ्याकडे नाही." नुग्झारने डोकं खाजवलं. "हे बघा, तुम्ही एकदा शून्य म्हणालात, आता चाळीस म्हणताय. वरचे मलाच विचारणार. माणसांच्या स्वतःच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी एक आकडा बदलणार नाही. आणि यादी सोमवारी राजधानीला जातेय."

"मग रविवारी या. दुपारी."

"येतो. पण जेवायला नाही हं, तपासणीला."

"आमच्याकडे दोन्ही एकाच टेबलावर होतं," दारिको म्हणाली.

परत आल्यावर ती थेट द्राक्षबागेत गेली. एर्मिले वेली छाटत होता. तिने सगळं सांगितलं, तसा त्याने विळा खाली ठेवला.

"म्हणजे या माणसाचं घर इथे नाही, असं मी म्हणायचं? सात वर्षं रोज सकाळी मी त्यांना सांगतो, दोमेंती, हे घर तुमचंच आहे. आता चारचौघांत सांगू, की नाही, तसं काही नव्हतं?"

"दादा, डोळे जातील त्यांचे."

एर्मिले मातीतच बसला. "मला काय कळत नाही का? पण हे शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत, दारिको. माझ्या बापाला काय वाटेल?" त्याचा बाप जाऊन वीस वर्षं झाली होती.

मग आम्ही सज्जात गेलो. दोमेंतींनी माझ्या पट्ट्यावरून हात फिरवला. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नको गं बाई. लोक काय म्हणतील एर्मिलेला? सात वर्षं सांभाळला आणि शेवटी सरकारच्या गळ्यात मारला."

"काका, तुम्हाला दिसत नाहीये!"

"ओलिकोची भाकरी तोंडापर्यंत नेता येते. बाकी काय बघायचंय मला?" मग ते हळूच म्हणाले, "एक सांगू? पूर्वी डोळे मिटले की माझं घर दिसायचं. आता मिटले काय नि उघडे काय, सारखंच. गेल्या महिन्यापासून घराच्या दाराचा रंग आठवत नाहीये मला. कुणाला विचारणार? इथे तो कुणी पाहिलेलाच नाही."

दारिको माझा पट्टा खांद्यावर सारत जिना उतरली.

खाली ओलिको अंगणात अक्रोड फोडत बसली होती. दारिकोने तिच्यासमोर मन मोकळं केलं. एक घाबरतोय पाहुण्याला दुखवायला, दुसरा घाबरतोय यजमानाला लाजवायला, आणि त्या दोघांच्या मध्ये डोळे चाललेत. ओलिकोने एक अक्रोड जोरात फोडला.

"हे असेच! सात वर्षं एकमेकांना 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत दाराशी उभे आहेत. तुला सांगते, या गावातले पुरुष हातात प्याला असल्याशिवाय खरं बोलत नाहीत. रविवारी नव्या वाइनचा रांजण उघडतोय ना? तिथे विचार त्यांना."

तुम्ही अजून लहान आहात, मित्रांनो, म्हणून वाइनबद्दल मी फार बोलत नाही. पण आमच्याकडची रीत सांगायला हवी. मेजवानीला एक म्होरक्या असतो, त्याला तमादा म्हणतात. तो प्याला उचलतो आणि एकेका गोष्टीसाठी दोन शब्द बोलतो : पूर्वजांसाठी, मुलांसाठी, पावसासाठी. मग तो कुणाचं तरी नाव घेतो आणि म्हणतो, "अलावेर्दी!" म्हणजे पुढचं आता तू बोल. नाव घेतलं, की त्या माणसाला उठावंच लागतं आणि मनातलं बोलावंच लागतं. तमादाला नाही म्हणता येत नाही. आणि वेनाखाचा तमादा कायम एकच : एर्मिले.

दारिकोने त्याला गाठलं. "कुणाला विस्थापित म्हणू नका. सही करू नका. नुसता एक प्याला उचला, मागे राहिलेल्या घरांसाठी. आणि पाहुण्यांना अलावेर्दी द्या. ते आपलं घर कुठे आहे ते सांगतील. लिहायचं मी बघते."

एर्मिलेने खूप विचार केला. "घराबद्दल बोलणं म्हणजे काही अपमान नाही," असं तो स्वतःलाच म्हणाला आणि तयार झाला.

रविवारी दुपारी एर्मिलेच्या अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली, लांबच लांब टेबल मांडलं. मला दारिकोशेजारी खास खुर्ची मिळाली. नुग्झार तपासणीला आला आणि 'मी जेवणार नाही' म्हणाला. ओलिकोने चीज भरलेली गरम रोटी त्याच्यासमोर ठेवली आणि ती तिथेच उभी राहिली. तो जेवला.

चौथा प्याला एर्मिलेने मागे राहिलेल्या घरांसाठी उचलला. "अलावेर्दी, कुकुरी!"

कुकुरी हा गाली नावाच्या गावाकडून आलेला धिप्पाड गडी. तो उठला, आपल्या घराचं जोतं, विहीर, अंगणातला चुलीचा दगड यांबद्दल बोलला आणि म्हणाला, "आम्ही चौघं होतो तिथे, चौघंच आहोत इथे. देवाची कृपा." दारिकोने लिहिलं : चार. मग एक विधवा बाई उठली, मग दोन भाऊ, मग दारिकोची आत्तेबहीण. तिने सुखुमीतल्या आपल्या गल्लीचं वर्णन केलं, तेव्हा दारिको लिहिता लिहिता थांबली. सात वर्षं एका घरात राहून तिने बहिणीला कधी विचारलंच नव्हतं, की तुझी गल्ली कशी होती. जखमेला हात लागू नये म्हणून विचारलं नव्हतं. इतर घरांतही तसंच होतं. यजमान कान देऊन ऐकत होते, कुणी नाक पुसत होतं, कुणी हसत होतं. एकीने आपल्या शेजारणीच्या कोंबडीचोरीची गोष्ट इतकी रंगवली, की नुग्झारला ठसका लागला.

शेवटी दारिकोने बेरीज केली. "चव्वेचाळीस!"

टाळ्या झाल्या. पण नुग्झारने स्वतःचा कागद पुढे ओढला. जेवणाने त्याचे डोळे जड झाले होते, पण पेन्सिल जागी होती.

"थांबा. हे कुकुरी दोनदा उठले. एकदा या टोकाला घरासाठी, एकदा त्या टोकाला हेझलनटच्या बागेसाठी. दोन्ही वेळा चार लिहिलेत."

"मग बाग वेगळी ना!" कुकुरी म्हणाला.

"बाग वेगळी, माणसं तीच. चार वजा." सगळे हसले, कुकुरी सगळ्यात जोरात. "आणि आजी, तुमचा मुलगा इथे दिसत नाही."

"तो तीन वर्षं राजधानीत असतो रे," त्या आजी म्हणाल्या. "पण माझा मुलगा आहे. मी त्याला वजा करू?"

"मनातून नका करू. कागदावरून मी करतो. तिथे त्याला दुसऱ्या कुणीतरी मोजला असेल." नुग्झारने बेरीज केली आणि त्याचा चेहरा उतरला. "एकोणचाळीस."

हसू थांबलं. नुग्झार खरोखर कष्टी झाला होता. "नियम चाळीसचा आहे. मी वाढवू शकत नाही. उद्या एक खोटा लिहिला, तर बाकीचे एकोणचाळीस खरे आहेत, हे कोण मानेल?"

दारिकोने सगळ्या टेबलावरून नजर फिरवली. कोण राहिलं, हे तिला ठाऊक होतं. मलाही. एर्मिलेने एकेका पाहुण्याला अलावेर्दी दिली होती, पण स्वतःच्या उजव्या हाताला बसलेल्या पाहुण्याचं नाव काही घेतलं नव्हतं. इतरांच्या पाहुण्यांना घर विचारणं त्याला जमलं होतं. आपल्या पाहुण्याला विचारणं जमत नव्हतं. दोमेंती मान खाली घालून भाकरीचा तुकडा चुरत होते.

एर्मिले उभा राहिला. त्याने प्याला उचलला.

"मी तुमचा तमादा आहे आणि मी आज लबाडी केली," तो म्हणाला. "सात वर्षं या माणसाला मी म्हणत आलो, हे घर तुमचंच. मला वाटलं, मी देतोय काहीतरी. आज सगळ्यांचं ऐकल्यावर कळलं, की मी रोज सकाळी त्यांना सांगत होतो, तुमच्या घराबद्दल बोलू नका. दोमेंती, माफ करा मला. माझं घर तुमचं आहेच. पण तुमचं घर कुठे आहे? मला कधी सांगितलं नाहीत. मीच विचारलं नाही. अलावेर्दी!"

दोमेंती टेबलाला धरून उठले. मला वाटलं, ते नुसतं आभार मानून बसतील. पण ते बसले नाहीत.

"ओचामचिरेपासून पुढे गेलं, की एक वळण आहे," ते म्हणाले. "वळणावर दुकान. दुकानामागे घर. समुद्रापासून दोनशे पावलं. वादळात खारट पाणी खिडकीवर यायचं, बायको चिडायची. तीन पायऱ्या. मधली सैल. तिच्यावर पाय पडला, की आतून बायको ओरडायची, आलात का? आणि दार..." ते थांबले. ओलिकोने डोक्यावरच्या रुमालाने तोंड दाबून धरलं होतं. "दार मीच रंगवलं होतं. होडीचा रंग उरला होता, तोच. निळा! निळा होता, एर्मिले! निळं दार!"

"निळं दार," एर्मिले म्हणाला आणि त्याने त्यांना घट्ट मिठी मारली. दोघंही रडत होते आणि ओलिको दोघांना ओरडत होती, की गरम जेवण गार होतंय.

नुग्झारने खाली मान घालून लिहिलं. मग माझं झाकण स्वतःच्या हाताने उघडलं आणि ते कागद आत ठेवले. "चाळीस," तो म्हणाला.

गाडी तीन आठवड्यांनी आली. दोमेंतींवर शस्त्रक्रिया झाली तेव्हा दवाखान्याच्या ओसरीत एर्मिले इतक्या येरझारा घालत होता, की परिचारिकेने त्यालाच आधी खाटेवर निजवायची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. दोमेंतींनी समोर उभ्या एर्मिलेकडे नीट पाहिलं.

"अरे देवा," ते म्हणाले, "इतकं म्हातारं माणूस मला उचलून जिना चढवत होतं?"

"आणि तुम्ही काय तरुण दिसताय?" एर्मिले म्हणाला. दवाखाना हसला. मीही हसले असते, पण माझ्यात बारा जणांचे चष्म्याचे कागद होते.

नुग्झारने त्यानंतर जिल्ह्याच्या कागदातला पहिला प्रश्न बदलून घेतला. 'विस्थापित किती' हे खाली गेलं, वर आलं : तुमचं घर कुठे आहे? तो प्रश्न फाटकाशी उभं राहून यजमानाला विचारायचा नाही. ज्याचं घर, त्यालाच, बसून विचारायचा. आणि दर शरदात पुन्हा यायचं, कारण माणसं येतात, जातात, लग्नं करतात, जन्मतात. काही गावांचे आकडे वाढले. दोन गावांचे कमी झाले, तिथेही कुणी कुकुरी होते म्हणे. नुग्झार दोन्ही वेळा सारखाच खूश व्हायचा.

मी आता टपाल नेत नाही. त्यासाठी गाडी येते, तिच्यात प्लास्टिकचे ट्रे असतात आणि कुणालाही जेवायला थांबायला वेळ नसतो. दारिको निवृत्त झाली, तेव्हा एक वर्ष मी कोठारात पडून होते. माझ्यात कुणीतरी कांदे ठेवले. कांद्यांबद्दलही मी कुणाला माफ केलेलं नाही. उंदरांनी एक कोपरा कुरतडला, पण बिचिकोचा टाका काही त्यांना तोडता आला नाही. मग मोजणीच्या दिवसांत दारिकोने मला शोधून काढलं, झटकलं आणि खांद्याला अडकवलं. आता वर्षातून दोन आठवडे मी कामावर असते. माझ्या वयाच्या पिशव्यांत एवढं काम कुणालाच नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. पट्टी निघाल्यानंतरच्या आठवड्यात दारिको जिल्ह्याकडून मागून घेतलेला त्यांचा कागद घेऊन दोमेंतींकडे गेली. त्या दिवशी अंगणात त्यांनी न बघताच सही केली होती. आता वाचून करा म्हणाली. त्यांनी कागद उजेडात धरला आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. ओचामचिरेच्या पुढे. समुद्रापासून दोनशे पावलं. निळं दार. तीन वेळा वाचला.

"अपुरा आहे," ते म्हणाले.

"काय राहिलं, काका?"

"संत्र्याची झाडं. बावीस आहेत. घराच्या मागे. लिही."

"झाडांसाठी यात जागा नाही हो."

"जागा कर. सात वर्षं त्यांनाही कुणी मोजलं नसेल."

दारिकोने कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं : संत्री, बावीस झाडं. दोमेंतींनी त्याखाली सही केली. तो कागद मीच जिल्ह्याला नेला आणि नुग्झारने तो दोन्ही बाजूंनी वाचून नोंदवहीत लावला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, शिकाल, कधीतरी तुमच्याही हातात असा छापील कागद येईल आणि माणसं मोजायला सांगतील. जरूर मोजा, नीट मोजा, कुणाला दोनदा धरू नका आणि कुणाला वगळू नका. फक्त माझं एवढं ऐका : कागदाची मागची बाजू कोरी ठेवा.